जंताच्या औषधाची एक फेरी: सात जनावरं, दोन महिन्यांच्या नोंदी

१ फेब्रुवारी

मागच्या वर्षी एका रात्री डॉक्टरांनी मला चार प्रश्न विचारले. औषध कोणतं दिलं, बॅच नंबर काय, किती दिलं, वजन किती. मला एकाचंच उत्तर आलं, तेही "पांढऱ्या ट्यूबमधलं" असं. ही वही त्यामुळे.

आतापर्यंतची पद्धत सांगते, म्हणजे चूक कुठे होती ते कळेल. दर दोन महिन्यांनी सगळ्यांना जंताचं औषध. ट्यूब हाताला लागेल ती, वजन नजरेच्या अंदाजाने. पाच वर्षं असंच चाललं आणि मला वाटायचं आपण फार काळजी घेतो.

तबेल्यात सध्या सात जण आहेत. बादल हा कामाचा घोडा. चांदणी गाभण आहे. राणीच्या अंगावर सहा महिन्यांचं शिंगरू आहे, टिंग्या. बुवा २४ वर्षांचा, बरगड्या मोजता येतात. भिंगरी हे तट्टू. शिलेदार दीड वर्षाचा. मदतीला मोतद्दार काका, ज्यांचे डोळे माझ्यापेक्षा तिप्पट चांगले आहेत.

३ फेब्रुवारी

वजनं. काटा नाही, म्हणून टेप. छातीचा घेर (कोपराच्या लगेच मागे, पाठीच्या उंचवट्यावरून) सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. उत्तर किलोत येतं.

बादल: घेर १८२, लांबी १६०. म्हणजे ४४६ किलो. मी त्याला पाच वर्षं ४०० धरत होते. दर वेळी दहा टक्क्यांहून जास्त औषध कमी, म्हणजे जंत मरायचे नाहीत, औषधाची ओळख करून घ्यायचे.

भिंगरी: १३६ आणि १२४. म्हणजे १९३. तिला मी २५० समजत होते. केस आणि पोट दोन्ही फसवतात.

पहिल्या वेळी सगळेच आकडे चुकले, कारण टेप पोटाच्या फुगवट्यावर गेली होती. काकांनी मागून बघून सांगितलं, "ताई, तुम्ही पोट मोजताय, छाती नाही." पुन्हा सगळी. अर्धा दिवस गेला.

टिंग्या आणि शिलेदार वाढत्या वयाचे, त्यांना हे सूत्र लागू पडत नाही. म्हणून दोघांना ट्रकच्या काट्यावर न्यायचा शहाणपणा केला. तो काटा वीस-वीस किलोंनी उडी मारतो. शिंगराच्या वजनात वीस किलोंची चूक म्हणजे मोजलं नाही तरी चाललं असतं. शेवटी डॉक्टरांनीच येताना जनावरांचा सपाट काटा आणला. टिंग्या १६४, शिलेदार २६२.

५ फेब्रुवारी

लीद गोळा केली. सकाळीच, ताजी, वरवरची नाही, प्रत्येकाची तीन वेगवेगळ्या लेंड्यांतून थोडी थोडी. पिशवीतली हवा दाबून काढली, वर नाव लिहिलं. मग सातही पिशव्या गाडीच्या डिकीत ठेवल्या आणि दुसऱ्या कामाला निघून गेले.

६ फेब्रुवारी

सगळ्यांचे आकडे जवळजवळ शून्य. मी खूश. डॉक्टरांनी फुगलेल्या पिशव्या बघितल्या आणि विचारलं, "रात्रभर कुठे होत्या?" उबेत अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात, मग मोजायला अंडी उरतच नाहीत. नमुना लगेच फ्रीजमध्ये ठेवायचा (फ्रीझरमध्ये नाही) आणि जमेल तितक्या लवकर मोजायचा. पिशवीवरच्या साध्या पेनची शाईही पसरली होती, त्यामुळे कोणती राणीची आणि कोणती चांदणीची तेही कळेना. दोन दिवस वाया.

७ फेब्रुवारी

पुन्हा. चार ग्रॅम लीद, ५६ मिलिलिटर मिठाचं संपृक्त पाणी, गाळून मॅकमास्टर स्लाइडच्या (रेघा आखलेली, अंडी मोजायची काच) दोन्ही कप्प्यांत, पाच मिनिटं थांबून सूक्ष्मदर्शकाखाली. मोजलेली अंडी गुणिले ५०, म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. अंडी तरंगून वर येतात, त्यामुळे भिंग रेघांच्या पातळीवर आणायचं. मी पहिली दहा मिनिटं तळाचा कचरा बघत बसले होते.

बादल ०. चांदणी १५०. बुवा ५०. भिंगरी ३५०. राणी १,१००. शिलेदार ९००. टिंग्याची अंडी वेगळीच, गोल, तपकिरी, जाड सालीची. शिंगरांच्या मोठ्या गोलकृमीची. ग्रॅमला ६००.

कळपातली थोडी जनावरंच बहुतेक अंडी टाकतात, असं ऐकलं होतं. आमच्या सातांत राणी, शिलेदार आणि टिंग्या मिळून ३,१५० पैकी २,६००. म्हणजे मी वर्षानुवर्षं बादलला आणि बुवाला उगाचच औषध पाजत होते.

ही मोजणी काय सांगत नाही तेही लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या वेळी आकड्याच्या भरवशावर बसेन. मोठ्या आतड्याच्या भिंतीत गाठी करून झोपलेल्या छोट्या लाल जंतांच्या अळ्या अंडी घालत नाहीत, त्यामुळे त्या आकड्यात नसतात. फीतकृमीची अंडीही या पद्धतीत बहुतेक वेळा हुकतात. आणि आकडा मोठा म्हणजे जंत तितकेच जास्त, असंही नाही.

८ फेब्रुवारी

डॉक्टरांबरोबर बसून ठरवलं.

बादल, चांदणी, बुवा यांना आत्ता काहीच नाही. बुवा हडकलेला आहे म्हणून मी "मग त्याला जोराचं काहीतरी द्या" म्हटलं. उलटं आहे. मॉक्सिडेक्टिन हे जोराचं औषध चरबीत साठतं आणि हळूहळू सुटतं. अंगावर चरबीच नसेल तर ते रक्तात आणि मेंदूत जास्त जातं. हडकलेल्या जनावराला आणि लहान शिंगराला ते द्यायचंच नाही.

राणी आणि भिंगरी: आयव्हरमेक्टिन पेस्ट, किलोला ०.२ मिलिग्रॅम. राणीचं शिंगरू अंगावर पितंय, तर दूध पाजणाऱ्या घोडीला चालतं का हे लेबलवर वाचून घेतलं. चालतं.

टिंग्या: फेनबेन्डाझोल, किलोला १० मिलिग्रॅम. कारण १० तारखेच्या नोंदीत लिहीन.

शिलेदार: इथे मी हट्ट केला. कपाटात फेनबेन्डाझोलच्या ट्यूब पडून होत्या, मुदत संपायला आली होती. डॉक्टर म्हणाले, छोट्या लाल जंतांवर हे औषध आता पुष्कळ ठिकाणी चालत नाही. मी म्हटलं, आपल्याकडे चालतं की नाही ते तरी कळेल. ते हसले. "बरं. दोन आठवड्यांनी मोजा."

गायी-म्हशींचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वस्तात पडतं, तेच टोचा, असा सल्ला मला दोघांनी दिलाय. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. घोड्यांसाठीही १९८० च्या दशकात असं इंजेक्शन आलं होतं. टोचलेल्या जागी स्नायूत क्लॉस्ट्रिडियम जिवाणूंचा संसर्ग होऊन घोडे दगावले आणि ते मागे घेतलं गेलं. घोड्याला तोंडातूनच.

उपाशी ठेवायचं का, हे काकांनी विचारलं. गरज नाही.

१० फेब्रुवारी

औषधाचा दिवस. सकाळी साडेसातला सुरुवात, संपलं दुपारी दोनला. ठरवलं होतं एक तास.

राणी सोपी. मोरकी धरली, तोंडात चारा नाही ना ते बघितलं (असला तर पेस्ट चाऱ्याला चिकटून चाऱ्याबरोबर बाहेर), पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या रिकाम्या जागेतून ट्यूब आत, जिभेच्या मुळावर दाबली, मग हनुवटीखाली हात देऊन डोकं वर. गिळल्याचं गळ्यावर दिसतं.

भिंगरीच्या वेळी घोटाळा. ट्यूबच्या दांड्यावर किलोचे आकडे आणि एक कडी असते. कडी फिरवून हव्या त्या आकड्यावर आणायची आणि मग पाव वळसा देऊन अडकवायची. मी आणली, अडकवली नाही. भिंगरीने डोकं झटकलं, मी जोरात दाबलं, आणि कडी घसरत शेवटपर्यंत गेली. ६०० किलोची पूर्ण ट्यूब १९३ किलोच्या तट्टूच्या पोटात. तिप्पट.

काका काही बोलले नाहीत. रिकामी ट्यूब माझ्या हातातून घेऊन आकडे बघितले आणि खिशात टाकली.

डॉक्टरांना फोन. त्यांनी आधी विचारलं, औषध नक्की आयव्हरमेक्टिनच ना, ट्यूब हातात घेऊन वाचा. वाचलं. मग म्हणाले, धडधाकट मोठ्या जनावराला आयव्हरमेक्टिनची तिप्पट मात्रा सहसा बाधत नाही, या औषधाला बरीच सूट असते. तरी दोन दिवस नजर ठेवा: खालचा ओठ लोंबकळणं, तोल जाणं, मान खाली घालून सुस्त उभं राहणं, बाहुल्या मोठ्या होणं, अंग थरथरणं. "हीच चूक मॉक्सिडेक्टिनची आणि शिंगराच्या बाबतीत झाली असती तर मी आत्ता फोनवर नसतो, गाडीत असतो," म्हणाले.

पेस्टचा एक लपका भिंगरीने गव्हाणीवर उडवला. दोन मिनिटांत तबेल्यातला कुत्रा तिथे. त्याला वेळेत ओढला. कॉली आणि त्याच्यासारख्या जातींच्या काही कुत्र्यांत जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं. झटके येतात, कुत्रा दगावू शकतो. घोड्याने टाकलेल्या लिदीतूनही पुरेसं औषध जातं. आमच्या कुत्र्याची जात कोणालाच ठाऊक नाही, म्हणून तो चार दिवस बांधून. गव्हाण फडक्याने पुसली, फडकं झाकणाच्या डब्यात.

मग टिंग्या. मी ट्यूब उघडली तर काकांनी हात पुढे केला. "हे मी देतो, ताई."

मागच्या वर्षीचं लिहायला हवं, त्याशिवाय या वहीला अर्थ नाही. चांदणीचं शिंगरू, साडेपाच महिन्यांचं. पोट मडक्यासारखं, केस राठ, वाढ खुंटलेली. मला वाटलं जंत झालेत, आणि ते खरंच होतं. मोठ्यांचीच पेस्ट दिली. ते औषध जंतांना लुळं करतं. एरवी चांगलीच गोष्ट, पण शिंगराच्या लहान आतड्यात वीतभर ते हातभर लांबीचे शेकडो गोलकृमी असले की ते सगळे एकदम लुळे पडतात आणि त्यांचा बोळा होऊन आतडं तुंबतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आडवं पडून पोटाकडे बघत होतं. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली तर पाण्याबरोबर जंत बाहेर आले, पांढरे, शेवयांसारखे, बादलीच्या कडेवर वेटोळं घालून. ऑपरेशन झालं. वाचलं नाही. चार प्रश्न त्या रात्रीचे आहेत.

फेनबेन्डाझोल जंतांना लुळं करत नाही, त्यांची उपासमार करतं. जंत हळूहळू मरतात, आतड्याला ते बाहेर काढायला वेळ मिळतो. तरीही जंतांनी भरलेल्या शिंगराला धोका अगदी नाहीसा होत नाही. शिवाय या गोलकृमींवर आयव्हरमेक्टिन आता अनेक ठिकाणी लागूही पडत नाही, म्हणजे मागच्या वर्षी मी धोका पत्करला तो कदाचित अर्ध्याच कामासाठी.

काकांनी टिंग्याला भिंतीशी टेकवून उभं केलं, एका हाताने मान कवेत, दुसऱ्याने औषध. एक थेंब सांडला नाही. त्याच्यानंतर शिलेदार.

११ फेब्रुवारी

रात्रभर दर तासाला टिंग्या. हिरड्या गुलाबी आहेत का, पितोय का, लीद टाकली का, पोटाला कान लावून दोन्ही बाजूंना गुडगुड. पहाटे चारला लिदीत सहा जंत, पेन्सिलपेक्षा लांब. सकाळी आणखी. लीद होत राहिली म्हणजे वाट मोकळी आहे. भिंगरी ठीक, ओठ जागेवर, चाल सरळ.

साडेनऊला काकांनी खरारा थांबवून हाक मारली. राणीच्या पोटाखाली, मधल्या रेषेवर, हाताच्या पंज्याएवढी सूज. बोट दाबलं तर खळगा राहतो आणि हळूहळू भरतो. शिवाय ती पोट दाराच्या चौकटीला घासत होती.

मी घाबरून ॲलर्जीचं इंजेक्शन शोधायला लागले. डॉक्टरांनी फोनवर आधी घड्याळ विचारलं. औषध दिल्याला सव्वीस तास. खरी तीव्र ॲलर्जी बहुतेक वेळा मिनिटांत, फार तर पहिल्या काही तासांत दिसते: अंगभर गांधी, पापण्या आणि नाकपुड्या सुजणं, श्वास घरघरणं. तसं असेल तर एक क्षण थांबायचं नाही. राणीचं वेगळं. काही घोड्यांच्या मानेच्या कण्यावरच्या जाड दोरीसारख्या अस्थिबंधात एक लांब कृमी राहतो, त्याची सूक्ष्म पिल्लं कातडीत फिरतात, विशेषतः पोटाच्या मधल्या रेषेवर. आयव्हरमेक्टिनने ती एकदम मेली की तिथेच सूज आणि खाज येते. म्हणजे औषध बाधलं नाही, औषधाने जे मारलं ते बाधलं. काही दिवसांत ओसरते. गार पाणी, घासू द्यायचं नाही, आणि सूज वाढली किंवा श्वास बदलला तर पुन्हा फोन.

तरी त्यांनी नोंदवायला सांगितलं. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार डॉक्टरांमार्फत जाते आणि तिच्यासाठी औषधाचं नाव, बॅच, मुदत, वजन, मात्रा, दिल्याची वेळ, लक्षण दिसल्याची वेळ इतकं लागतं. सगळं वहीत होतं, बॅच सोडून. मी राणीची ट्यूब काल कचऱ्यात टाकली होती. खताच्या ढिगाजवळच्या डब्यात हात घालून वीस मिनिटं. ट्यूब मिळाली, गवताच्या काड्या चिकटलेली, नंबराचे शेवटचे दोन अंक पेस्टखाली. नखाने खरवडून वाचले. भिंगरीची ट्यूब मात्र काकांच्या खिशातच होती.

यापुढे ट्यूबचा फोटो आधी, ट्यूब तोंडात नंतर.

१४ फेब्रुवारी

राणीची सूज अर्धी. टिंग्याच्या लिदीत जंत नाहीत. कुत्र्याला सोडलं, पण लीद आधी उचलून.

कडीवरचा उपाय: छोट्या जनावरासाठी ट्यूबमधलं जास्तीचं औषध आधी फडक्यावर काढून टाकायचं, आत फक्त लागेल तेवढंच ठेवायचं. मग कडी घसरली तरी जास्त जाणारच नाही. औषध वाया जातं, जाऊ दे. आणि आकडा दुसऱ्याने मोठ्याने वाचायचा.

२४ फेब्रुवारी

बरोबर चौदा दिवस. पुन्हा लीद, या वेळी थेट फ्रीजमध्ये.

राणी १,१०० वरून ०. भिंगरी ३५० वरून ०. टिंग्याची गोलकृमीची अंडी ६०० वरून ०. शिलेदार ९०० वरून ६५०.

म्हणजे २८ टक्के घट. छोट्या लाल जंतांवर फेनबेन्डाझोल नीट चालतं तेव्हा घट ९५ टक्क्यांच्या वर असते. आमच्याकडे ते संपलं. म्हणजे गेली काही वर्षं निदान या ट्यूबचं मी जे दिलं ते लेबलवरचं समाधान होतं. उरलेल्या ट्यूबवर लाल पेनाने "फक्त टिंग्या, डॉक्टरांना विचारून" असं लिहिलं. दोन आठवडे शिलेदार कुरणात अंडी पेरत फिरला, तो खर्च माझ्या हट्टाचा.

२६ फेब्रुवारी

शिलेदारला मॉक्सिडेक्टिन, किलोला ०.४ मिलिग्रॅम. वय बसतं, अंगावर मांस आहे, काट्यावर पुन्हा घेतला: २६८. हे भिंतीत झोपलेल्या अळ्यांपर्यंतही पोचतं. डॉक्टरांनी बजावलं, त्या अळ्या मोठ्या संख्येने एकदम बाहेर आल्या तर आतड्याला जबर सूज येते. औषध न देताही हे होतं, औषधानंतरही होतं, आणि कोवळ्या घोड्यांत जास्त. बघायचं ते असं: पातळ जुलाब, दिवसागणिक वजन उतरणं, पायांवर आणि पोटाखाली सूज. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, निम्म्यापर्यंत घोडे यात हातचे जाऊ शकतात.

कडी काकांनी अडकवली. मी आकडा वाचला. दोघांनी ओढून बघितली.

१ मार्च

दोन दिवस लीद शेणासारखी सैल, तिच्यात लाल धाग्याचे तुकडे, सेंटिमीटरभर. खाणं-पिणं नीट, ताप नाही, वजन २६६. कालपासून पुन्हा लेंड्या.

या सगळ्यात एक साधं काम राहूनच गेलं होतं. कुरणातली लीद आठवड्यातून दोनदा उचलायला सुरुवात केली. अंड्यांतून अळ्या निघून गवतावर चढण्याआधी ढीग हलला तर पुढचं औषधच कमी लागतं. आयव्हरमेक्टिन दिलेल्यांची पहिल्या दिवसांतली लीद वेगळी ठेवतो, शेणकिड्यांच्या अळ्यांना ते मारतं. पहिल्या दिवशी मी एकटीने अकरा घमेली काढली, कंबर धरली.

१२ मार्च

शिलेदार ०.

७ एप्रिल

राणीला औषध देऊन आठ आठवडे. १००. आयव्हरमेक्टिननंतर अंडी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा दिसायला लागतात, त्या हिशोबात बसतं. जुन्या पद्धतीने आज सगळ्यांना ट्यूब गेली असती. आज कोणालाच नाही. भिंगरी ५०, बादल पुन्हा ०, बुवा ५०.

चांदणीचे दिवस भरत आलेत. तिच्या शिंगराला पहिलं औषध कधी, कोणतं, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, काट्याच्या तारखेसकट.

पुढची लीद ५ मेला. त्या तारखेसमोर काकांनी त्यांच्या अक्षरात लिहून ठेवलंय: पिशवी गाडीत ठेवू नये.